किल्लीवाली आत्या

आत्याच्या गळ्यात दोन दोऱ्या असत. एकीत लाकडी क्रूस, दुसरीत शिवणखान्याच्या दाराची किल्ली. इस्त्री फिरवायला ती वाकली की दोन्ही एकमेकांवर आपटत आणि बारीक आवाज होई. बावीस वर्षं त्या आवाजावरून बायका ओळखत, आत्या कुठे आहे ते.

खोली लांबट होती. छताजवळ दोन झरोके, खाली तीस यंत्रं, दार एकच. सकाळी सगळ्या आत आल्या की आत्या कुलूप घाली. दार उघडं राहिलं की कापडही जातं आणि बायकाही, असं मालकांचं म्हणणं. हेच मालक रविवारी ख्रिस्ती मंडळीचे पंच. देवळाचं छप्पर तेच घालून देत होते. वर पाहून प्रार्थना करावी, तरी त्यांचेच पत्रे दिसायचे.

एके दिवशी आत्या सदरे घेऊन अंगणापलीकडच्या गोदामात गेली, बाहेरून कुलूप घालून. परतताना फटीतून धूर दिसला. आत चिंध्यांनी पेट घेतला होता, बायका दारावर थापा मारत होत्या. घाईत किल्ली भोकात जाईना. एकदा चुकली, दोनदा चुकली. आतून बटणं लावणारी, सगळ्यांची बटणवाली, ओरडत होती, "आत्या, उघड गं बाई, उघड!"

दार उघडलं. सगळ्या खोकत बाहेर पडल्या. बटणवालीला सातवा महिना होता. ती मातीतच बसली, पोटावर हात ठेवून. आतलं पोर हललं, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

आग विझली, मग मालक आले. "देवाची कृपा! कोणाला काही झालं नाही." दुपारी कुलूप पुन्हा लागलं.

"मालक, दार उघडं ठेवू या," आत्या म्हणाली.

"आत्या, तुझ्यावर विश्वास आहे, म्हणून तर किल्ली तुझ्याकडे."

किल्ली फेकावी, तर ती दुसरीच्या गळ्यात पडणार. ठेवावी, तर कुलूप आपल्याच हातानं लावायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर घ्यायची. मंडळीची रीत अशी, की कोणाविषयी मनात अढी असेल तर आधी ती मिटवायची, मगच भाकर घ्यायची. पंच, म्हणजे मालकच, ताट घेऊन बाकाबाकाशी फिरत. त्या रविवारी आत्यानं हात पुढे केला नाही. ताट पुढे गेलं.

दुसऱ्याच दिवशी पाळक घरी आले. "आत्या, भांडण कोणाशी? सुनेशी?"

"सून आणू कुठून? मला मुलगाच नाही."

"मग?"

"ताट कोण फिरवतं ते पाहा."

पाळकांचा चेहरा उतरला. "मी बोललो तर..." छपराचं अर्धं काम अजून बाकी होतं.

पुढच्या महिन्यात आत्यानंतर बटणवालीनंही ताट जाऊ दिलं. मग तिच्या शेजारणीनं. मग अख्ख्या बाकानं. भाकरीचं ताट जवळजवळ भरलेलंच मेजावर परत आलं, आणि सगळ्या मंडळीदेखत पंचांचे कान लाल झाले.

सोमवारी मालक म्हणाले, "ठेव दार उघडं. पण एक कापड गेलं, एक बाई सटकली, तर जबाबदार तू."

इस्त्रीचं मेज दाराशी आलं. वारा आत येऊ लागला, बायका हसू लागल्या. आत्या मात्र जागची हलेना. पाणी प्यायला उठायचीही चोरी. कोण गेली, कधी आली, पदराखाली काय आहे, डोळे आपोआप तिकडे वळायचे. एकदा बटणवाली अंगणात जरा पाय मोकळे करून आली, तर आत्याच्या तोंडून निघून गेलं, "इतका वेळ? कुठे होतीस?"

बटणवाली दारातच थबकली. "आत्या, आता तू पण?"

तिसऱ्या महिन्यात ताट पुन्हा समोर आलं. पंच वाकून कुजबुजले, "आता काय राहिलं? दार उघडलं ना?"

"राखण माझ्याकडे नको."

"मग लावू कुलूप?"

सगळ्या बायका बघत होत्या. बटणवाली दोन बाकं मागे अवघडून बसली होती, दिवस भरत आलेले. आत्यानं भाकर उचलली. तोंडात मात्र घातली नाही. मुठीत धरून तशीच बसून राहिली. आणि पंच, तिची अढी मिटली की नाही, पुढच्या बाकाकडे जावं की थांबावं, हे न कळून, ताट घेऊन तिच्यासमोर उभेच राहिले.