डोशावरचा पिरॅमिड

सज्जनहो, अत्यंत गंभीर बातमी आहे, खुर्ची घट्ट धरा! माणसाला कामाची उमेद कशाने येते, हे पक्कं ठाऊक असलेला माणूस बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये आमच्याच ऑफिसात बसतो. एचआरचे अण्णा, मूळचे निपाणीचे. कानडी वळणाने "स्वल्प बसा" म्हणतात आणि हाताला लागेल त्यावर गरजांचा पिरॅमिड काढतात. एकदा माझ्या डोशावर चटणीने काढला. तळाला पोटपाणी, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि शिखरावर आत्मसिद्धी. भूक लागली होती, म्हणून मी तळापासून खात गेलो.

परवा आमची सर्वांत हुशार सॉफ्टवेअर टेस्टर राजीनामा घेऊन आली. अण्णांनी फळ्यावर पिरॅमिड काढला. ते शिखराशी पोचले तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, माझ्या डोक्यावर एसी गळतो. तुम्हालाच सहा मेल केले."

अण्णांचा मार्कर थांबला. "सरी, बरोबर आहे तुझं," म्हणाले. तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि लॅपटॉप घेऊन तिच्या जागेवर जाऊन बसले. दहा मिनिटांत टकलावर तीन थेंब पडले. ते पुसत अण्णा अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं अक्का, इथं तू दोन वर्षं टिकलीस तरी कशी?"