आमची ओली भिंत, अक्कांची बाग

पुण्याहून बंगळूरला आलो तेव्हा आमची मुलगी अजून रांगतही नव्हती. नव्वदीची सुरुवात होती. जयनगरमधल्या एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खालीही भाडेकरूच होते. कैक पिढ्या बंगळुरातच असलेल्या घराण्यातलं मराठी जोडपं. नवरा चिकपेटेत साड्यांच्या दुकानात होता. बायकोला गल्लीतले सगळे अक्का म्हणत, तशी मीही म्हणू लागले. मागच्या अंगणातली बाग अक्कांनी लावलेली. भिंतभर चढलेली जाई, अबोलीचे वाफे, कढीपत्त्याचं झाड.

पावसाळ्यात मुलीच्या खोलीची भिंत ओलीने फुगली. कोपऱ्यात काळी बुरशी धरली. मुलगी खोकायला लागली आणि मी मालकांच्या मागे लागले. "भाडं वेळेवर देतो, मग भिंत कोरडी हवी," असं त्यांना स्पष्टच सांगितलं. ते कबूल झाले. भिंतीला नवा गिलावा करायचा, मोरीचा फुटका पाईप काढून नवा जमिनीखालून न्यायचा असं ठरलं. हे सगळं अक्कांच्या बागेत होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते कळलं परांचीचे बांबू अबोलीवर येऊन पडले तेव्हा. अक्का मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मालक म्हणाले, "घर भाड्याने दिलंय, बाग नाही."

संध्याकाळी अक्कांचे यजमान वर आले. ते ओळखीच्या वकिलांना विचारून आले होते. अंगण त्यांच्या करारात होतं. मालकांना दुरुस्तीचा हक्क होता, पण आधी सांगायला हवं होतं, आणि जे मोडेल ते पुन्हा नीट करून द्यायला हवं होतं.

"नोटीस देऊन काम थांबवावं म्हणतो," ते म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. आणि मनातून मला वाटत होतं, यांनी नोटीस देऊ नये. आत मुलगी खोकत होती. त्यांनी ते ऐकावं म्हणून मी दारही लोटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. मुलीच्या खोलीतल्या फुगलेल्या भिंतीवर त्यांनी हात फिरवून पाहिला.

"नोटीस नको म्हणून सांगितलंय मी ह्यांना. पण मालकांकडे जाताना तू बरोबर ये. मी एकटी बोलले तर ऐकायचे नाहीत."

मालकांपुढे त्या कन्नडमध्ये शांतपणे बोलल्या. अबोली हलवायला वेळ द्या. चर कढीपत्त्यापासून लांबून न्या. काम झाल्यावर चांगली माती भरून द्या, वर सिमेंट घालू नका. मी शेजारी बसून मान हलवत होते. मालक शेवटी "सरी" म्हणत कबूल झाले.

जाई मात्र भिंतीवरच होती, ती वाचणार नव्हती. अक्कांनी ती स्वतः कापली. मी वेल धरून उभी होते.

"अक्का, हे माझ्यामुळे झालं."

"भिंत गळत होती म्हणून झालं. ते तिकडचं टोक धर."

मालकांनी शब्द पाळला. लाल माती आली, अबोली जगली. जाईच्या फांद्या अक्कांनी कुंडीत लावल्या होत्या, त्या वाळून गेल्या. आमची भिंत कोरडी झाली.

खोकला तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, इथे नव्याने आलेल्या मुलांना हवेमुळे असा त्रास होतो, ओलीचंच कारण असेल असं नाही.

"खोकला स्वल्प कमी झाला का गं?" अक्का खालून विचारायच्या.

"हो, बराच," मी म्हणायचे. मुलीला उबळ आली की मागची खिडकी लावून घ्यायचे. एवढ्या उकाड्यात खिडकी का बंद, असं माझ्या नवऱ्याने उन्हाळ्यात एकदा विचारलं. मी म्हटलं, खालून माती उडते.