आत्याचं बटणाएवढं झाड

आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. लोकांना नीट दिसावं म्हणून उभा जन्म घालवला, पण घरात तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती निवृत्त झाली तेव्हा बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, मन मोठं करून तिला निवडुंगाचं झाड दिलं. दक्षिण अमेरिकेतलं, फ्रेलिया नावाचं. कोटाच्या बटणाएवढं, तपकिरी.

"ह्याला पाणी नको, कौतुक नको. तुझ्या स्वभावाला साजेसं," असंही वर सांगितलं. माया असावी तर अशी.

थंडीत ते आक्रसून मातीत बुडालं. बाबांनी चष्मा न लावताच निदान केलं, "मारलंस."

आत्या रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारून आली. "कोरडं पडलं की ते असंच खाली जातं, दादा."

पाणी मिळाल्यावर ते वर आलं. बाबा म्हणाले, "चिवट जात आहे, मी म्हटलंच होतं." म्हटलं नव्हतं.

मग लोकरीत गुंडाळल्यासारखी एक कळी आली. बाबांनी आळीभर आमंत्रणं दिली. मंडळी बैठकीत जमली, चहा झाला, परत झाला, कळी ढिम्म. पुढे ती न उमलताच सुकली.

"फुकट गेलं. टाकून दे."

आत्याने ती चिमटीत चुरडली, तर आत बिया. "न उघडताही हे बी धरतं. उघडायला कडक ऊन लागतं, तेही भर दुपारचं. तू त्याला पंख्याखाली बसवलंस."

बाबांना पटलं नाही. फुलांनी कसं वागावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती.

आत्याने बिया पेरल्या आणि कुंड्या गच्चीवर नेल्या. पुढच्या उन्हाळ्यात टळटळीत दुपारी, सगळं घर जेवून घोरत असताना, मी तिला शोधत वर गेले. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती कुंडीपाशी बसली होती. फूल उमललं होतं, पिवळंधम्मक, झाडापेक्षा मोठं. तिने सरकून मला जागा दिली.

"बाबांना उठवू?"

"झोपू दे. दमलाय बिचारा."

बाबा चहा घेऊन वर आले तोवर फूल मिटलं होतं.

"फोटो?"

"राहिला. बघत बसलो आम्ही."

"मग उमललं होतं कशावरून?"

हल्ली बाबा पाहुण्यांना ते फूल स्वतः पाहिल्यासारखं रंगवून सांगतात. रंग गुलाबी सांगतात. पाहुणे निघताना आत्या त्यांच्या हातात एकेक रोप ठेवते आणि म्हणते, "उन्हात ठेवा हं."