पिशवीतली टीसी

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक गावं वाटून घेतात. मला अल्लीपूर आणि त्याच्या आसपासची येतात. कायम नोकरीवाले कारने जातात आणि सरपंचाकडे चहा पिऊन परततात. मी तासिका तत्त्वावरचा, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमला जाणारा आणि उन्हाळ्यात कुणाचाच नसलेला. माझ्या इतिहासाला वीस नावं भरली नाहीत तर तुकडी बंद, आणि तुकडीबरोबर मीही. म्हणून मी दारोदार फिरतो. पोरांची टीसी, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, हातात पडल्याशिवाय उठत नाही. तोंडी शब्दाला अर्थ नसतो. दाखला आला की पोरगं आलं.

हे मला जमतं. मी नाचणगावचा. पुलगावच्या बाजारात आईशेजारी बसून भाजी विकत शिकलो. गिऱ्हाईक उठायच्या बेतात असतं तेव्हा काय बोलायचं, हे मला पदवी मिळायच्या खूप आधी कळलं होतं. पुढे नेट झालो, पीएच.डी. झालो, चौदा वर्षं शिकवलं. कायमची जागा एकदाच निघाली. तिच्यावर जो आला त्याला पहिल्या वर्षी नोट्स मीच दिल्या होत्या. आज तो विभागप्रमुख आहे. त्याच्या खुर्चीमागून जाताना माझं डोकं अजून तापतं.

मागच्या उन्हाळ्यात अल्लीपुरात एका घरी गेलो. मुलगी हुशार होती. बाप म्हणाला, "सर, तिले नर्सिंगले जायाचं हाय. नंबर लागला त तिकडं जाईन, नाई लागला त तुमचं कॉलेज."

"काका, नंबर लागला तर दाखला परत देतो. माझा शब्द. तोवर माझ्याकडे राहू द्या, इकडची जागा तर हातची जाणार नाही."

बापाने मुलीकडे पाहिलं. तिनं मला एकच विचारलं, "सर, तिथं तास होतात ना?"

"मी घेतो," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

तिनं दाखला निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिला. तो माझा विसावा.

हे दाखले लगेच ऑफिसात जमा करायचे नसतात. जमा केले की दुसऱ्या विषयाचे सर बाबूला गाठतात आणि पोराचा विषय बदलून घेतात. म्हणून शेवटच्या तारखेपर्यंत प्रत्येकाचे दाखले प्रत्येकाच्या पिशवीत असतात. आमच्यात एकमेकांवर विश्वास आहे तो एवढाच.

स्टाफरूममध्ये विभागप्रमुखांनी स्वागत केलं. "या व्यापारी, या! किती कट्टे माल आणला?"

"वीस. तुमचे किती, सर? सरपंचाचा चहा सोडून."

सगळे हसले. अर्थशास्त्राचे सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आणून करता काय पण? पोट्टे नाव लावतात अन् एकदम परीक्षेलेच दिसतात. मागच्या वर्षी मी फळ्यावर तारीख टाकलती. दिवाळीनंतर पाहिली, तीच होती."

फाटकाशी गाडीवर बसलेल्या पोरांना मी विचारलं, वर्गात का येत नाही? एक म्हणाला, "सर, आम्ही येतो तवा सर लोक नसतात. सर लोक येतात तवा आम्ही नसतो. तुम्ही दोघायची एकदा मीटिंग लावून द्या ना." मला हसू आलं, मग राग आला, मग त्याला गाडीवरून उतरवून मी नको ते बोललो. तो पोलीसभरतीची तयारी करत होता. माझं बोलणं संपेपर्यंत अदबीने उभा राहिला. वर्गात मात्र आला नाही.

प्रवेश सुरू असतानाच आमचे तास लागतात. अल्लीपूरची मुलगी पहिल्या दिवसापासून एसटीने येत होती. चाळीस बाकांच्या वर्गात ती एकटी आणि मी. चार दिवस मी तिला एकटीला शिकवलं. ती मधेच थांबवून प्रश्न विचारायची. चौदा वर्षांत इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल. तिला पुस्तक हवं होतं. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते.

शुक्रवारी ती धावतच स्टाफरूममध्ये आली. "सर, माझा नंबर लागला! नागपूरले. उद्या पाचपर्यंत ओरिजनल टीसी दाखवायची हाय."

माझी पिशवी खुर्चीला लटकलेली होती. आमची शेवटची तारीख सोमवारची. एकोणीस झाले तर तुकडी नव्हती.

"ती ऑफिसात जमा झाली," मी म्हणालो. "बाबू आता सोमवारीच भेटेल."

"पण सर, तुम्ही बाबांले शब्द देलता..."

गिऱ्हाईक उठायच्या बेतात होतं. मी बोलत सुटलो. नर्सिंगला काय, पुढल्या वर्षीही नंबर लागतो. बीए कर, स्पर्धा परीक्षेची तयारी मी करून घेतो, तुझ्यासारखी मुलगी तहसीलदार होईल. बोलता बोलता माझं लक्ष गेलं. पिशवीच्या तोंडातून निळ्या फोल्डरचं टोक बाहेर आलं होतं. मी सहज केल्यासारखं खुर्ची सरकवली. ती "बरं सर" म्हणाली आणि गेली.

सोमवारी वीस भरले. तुकडी वाचली. ती मुलगी त्यानंतर तासाला आली नाही. तिच्या बापाचा फोन आला तर काय सांगायचं याची मी उत्तरं तयार ठेवली होती. फोन आलाच नाही.

हिवाळ्यात ती परीक्षेचा फॉर्म भरायला आली. त्या फॉर्मसोबत आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या मतांचा एक कागद भरून घेतात. बाबू सांगतो तिथे खूण करायची. तो गठ्ठा मोजायचं काम माझ्याकडेच आलं. तास नियमित होतात का? सगळ्यांचं 'हो'. तिचंही 'हो'. तिनं 'नाही' लिहिलं असतं तर मला भांडता आलं असतं, कुणाशी ते माहीत नाही.

यंदा पुन्हा अल्लीपूर. तिची धाकटी बहीण बारावी झाली होती. बापाने पाणी दिलं, चहा सांगितला. एकोणीस दाखले झाले होते, एकच हवा होता. थोरली आतून एक कागद घेऊन आली.

"हे घ्या सर, धाकटीच्या टीसीची झेरॉक्स. ओरिजनल घरीच राहीन."

बाप गडबडला. "अवं, सरायले असं बोलतेत का?"

"बोलली कुठं बाबा? झेरॉक्सच त देऊन राह्यली."

"झेरॉक्सवर नाव लागत नाही, बाळा," मी म्हणालो. माझा आवाज बाजारातला झाला होता, मलाच ऐकू आला.

"मंग नका लावू," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीकडे बघत उभी राहिली.

खोटं मी बोललो. मला तशा जागी आणून बसवणारे स्टाफरूममध्ये पेपर वाचत होते, हेही तितकंच खरं. पण तिला नागपूरला जायचं होतं, आणि तिचा दाखला त्यांच्या पिशवीत नव्हता.

यंदा एकोणीसच झाले. विभागप्रमुखांनी विचारलं, "व्यापाऱ्याले एक गिऱ्हाईक नाई भेटलं?" त्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय मी कधी राहिलो नव्हतो. त्या दिवशी पिशवी उचलून नालवाडीच्या माझ्या खोलीवर आलो. झेरॉक्स अजून पिशवीतच आहे.