अक्कांच्या काचेवरची म्हैस

विज्या गेला, आणि त्याची म्हैस आज मी पुसली.

वाचून हसू आलं असेल तर हसा. त्याला चाललं असतं.

विज्या, म्हणजे माझा आर्ट स्कूलपासूनचा दोस्त. गवळ्याच्या घरातला. नव्वदच्या दशकात दिवाळी जवळ आली की आम्ही दोघं कोल्हापुरातल्या दुकानांच्या काचा रंगवायचो. पोस्टर कलर, थोडा डिंक, पाण्याची डबडी आणि भरपूर गप्पा.

सुरुवात झाली अक्कांच्या साडीच्या दुकानापासून. महाद्वार रोडजवळच्या बोळात. नवऱ्यामागे अक्काच दुकान बघायच्या.

बाकीच्यांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून आम्हाला वाटेला लावलं होतं. अक्का म्हणाल्या, "रंगवा की. पर दिवाळी झाली की माझी काच हाय तशी परत पायजे."

काच आतून रंगवायची. बाहेरून रंगवली तर येणाजाणाऱ्यांचे खांदे लागून चित्र जातं.

आणि आतून म्हणजे सगळं उलटं. कागदावर जे शेवटी, ते इथे पहिलं. आधी डोळ्यातली चमक. मग डोळा. मग तोंड, मग अंग. आभाळ सगळ्यात शेवटी.

मला कुठलं माहीत! मी सवयीने आधी रंकाळा तलावाचं पाणी मस्त निळं भरून घेतलं. मग त्यावर घाट, बायका, दिवे. अख्खी दुपार गेली. बाहेर जाऊन बघते तर काचभर नुसता निळा.

विज्या रस्त्यात उभा राहून मान डोलवत होता.

"रंकाळा झकास झालाय, शैले. बायका बुडाल्या व्हय?"

मला रडूच आलं. त्याने फडकं ओलं करून हातात दिलं.

"पूस. ज्यानं पहिला ठिपका दिला त्यानंच पुसायचं. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय."

मागे अक्का उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. तोच आमचा नियम झाला. तुळशीचं लग्न लागलं की ज्याचं चित्र, त्याने पुसायचं.

त्या वर्षी दुकानाच्या दुसऱ्या काचेवर त्याने म्हैस काढली. दिवाळी पाडव्याला गवळी म्हशींची मिरवणूक काढतात, तशी नटवलेली. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्यावर मोरपिसं. आणि अंगावर चक्क पैठणी!

वर ती उडत होती. खाली रंकाळा.

अक्कांनी बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आरं, गिऱ्हाईक काय धार काढायला येणार हाय व्हय?"

"अक्का, दम धरा की जरा."

दम धरावा लागलाच नाही. दोघीजणी काचेला नाक लावून उभ्या होत्या. हसत आत आल्या. "म्हशीच्या अंगावरची दाखवा."

पुढे दर दिवाळीला अक्का स्वतःहून म्हैस मागून घ्यायला लागल्या.

मला त्या दुपारी आठवतात.

दुकान बंद. बोळ पेंगलेला. काचेच्या आत आम्ही दोघं. बाहेरची सायकलची घंटी पाण्याखालून ऐकू आल्यासारखी यायची. रंगांतून गाळलेलं ऊन साड्यांच्या गठ्ठ्यांवर पडायचं. निळं, पोपटी, गुलाबी. विज्याच्या गालावरही.

मधेच कुणीतरी बाहेरून काचेला तोंड लावायचं, वाफ धरायची, विरून जायची. कितीदा तरी वाटायचं, रंगवतोय ते खरं आणि रस्ताच चित्रातला.

विज्याच्या बोटांवर त्या दिवसांत आणखीही रंग असायचे. घरच्या म्हशींच्या शिंगांना लावायचा ऑइल पेंट. पाण्याने जायचा नाही. तसल्याच हाताने भाकरी मोडायचा. मी ओरडले की म्हणायचा, "उतरत न्हाय गं. पक्का हाय."

मग फ्लेक्स आले. एकेक काच आमच्या हातून गेली. तो शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागला, मी माझ्या संसारात. पण अक्कांची काच आम्ही सोडली नाही.

या दिवाळीत तो स्टुलावर बसून रंगवत होता. उभं राहवत नव्हतं. सुरुवातीलाच मला म्हणाला, "जा, चहा सांगून ये." परत आले तोवर डोळा झालाही होता.

पुढे दवाखाना.

"शैले, यंदा तू पूस."

"मी नाही. तूच पुसायचीस."

"पोपडे धरलेली म्हस लोकांनी बघायची व्हय? तू पूस. आतनं. सावकाश."

मी हो म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो येणार नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

तुळशीचं लग्न लागायच्या आधीच तो गेला.

आज अक्कांचा फोन आला. "ये बाई. रंग सुटायला लागलाय. मला बघवंना."

गेले. फडकं ओलं केलं.

मग पुसायला लागले. आधी आभाळ गेलं. मग रंकाळा. मग पैठणी, मोरपिसं, शिंगं. त्याने शेवटी काढलेलं आधी जात होतं. मी त्याच्या त्या दुपारीत मागे मागे चालले होते. तोंड गेलं. काळा डोळा गेला.

राहिला एक पांढरा ठिपका. डोळ्यातली चमक.

पुसला. गेला नाही. घासला. तसाच.

मग कळलं. शिंगांचा ऑइल पेंट. मला चहा सांगायला पाठवून लावलेला!

मी तिथेच फरशीवर बसले. हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही.

अक्का मागून म्हणाल्या, "रॉकेलनं जाईल की."

"जाईल, अक्का."

त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"र्‍हाऊ दे. त्यानं दिलाय, त्यानंच पुसायचा. आपण हात लावायचा न्हाय."

विज्या, अक्कांची काच लख्ख आहे. तेवढं एक सोडून.

जा रे मित्रा. सावकाश जा.