बिनकॉलरचा टॉप

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. तिथं तिनं एकतीस वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या होत्या. बाह्या तिसऱ्या रांगेत शिवायच्या, खिसे खिडकीपाशी, काजं पलीकडच्या खोलीत. तिच्या कॉलरीची दोन्ही टोकं साच्यातून काढल्यासारखी असत. पण अख्खा शर्ट तिनं जन्मात शिवला नव्हता. घरी मात्र सगळे तिला मोठी शिवणारीण समजत, आणि तीही काही बोलली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती निवृत्त झाली तेव्हा कापड बेतणाऱ्या मास्तरांनी तिला उरलेल्या सुती तुकड्यांची पिशवी भरून दिली. उन्हाळा लागला तशी धाकट्या बहिणीची मुलगी ती पिशवी उपसून बसली. एक फिकट निळा आणि एक बारीक रेघांचा, असे दोन तुकडे तिनं बाजूला काढले.

"मावशी, याचा टॉप शिवून दे ना. साधाच, बिनबाह्यांचा."

मावशीनं तुकडे हातात घेऊन उलटसुलट केले. "बघू," ती म्हणाली.

"बघू काय, ताई? तुझ्या डाव्या हातचा मळ," बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बहीण कामावर आणि भाची शाळेत गेल्यावर मावशीनं चोरी करायला बसावं तसं दार लावून घेतलं. भाचीचा एक जुना टॉप वर्तमानपत्रावर पसरला, कडेनं पेन्सिल फिरवली, शिलाईसाठी दीड बोट जास्त धरलं. तोवर ठीक होतं. पण कारखान्यात तिच्यापुढं तुकडे कापूनच यायचे. अख्ख्या कापडाला तिनं कधी कात्री लावली नव्हती. हातात कात्री धरून ती इतका वेळ बसली, की शेजारी ठेवलेला चहा गार झाला.

मग तिनं कापलं. पाठ निळी, पुढची बाजू रेघांची. मशीनवर हात भीत नव्हता. खांदे जोडले, दोन्ही कुशींना टीप मारली, आणि कापड उलटून सुलट केलं.

आत्तापर्यंत कागदासारखं सपाट पडलेलं ते कापड आता पोकळ झालं होतं. त्याला आत आणि बाहेर आलं होतं. मावशीनं गळ्यातून हात घातला आणि मुंढ्यातून बाहेर काढला. पुन्हा घातला. चार टिपांत माणूस मावेल एवढी जागा तयार होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी भाचीनं टॉप डोक्यातून घातला आणि तो कानांवर अडला.

"मावशी, मी आत अडकले," कापडातून आवाज आला.

मावशीनं कापड खाली ओढून पाहिलं, ते हललं नाही. "मला येत नाही गं. अख्खा कपडा मी आज पहिल्यांदा शिवला. कारखान्यात नुसत्या कॉलरी."

बहीण हात पुसत बाहेर आली. "एकतीस वर्षं?"

"एकतीस वर्षं."

बहिणीनं मुलीच्या डोक्यावरून टॉप ओढून काढला आणि टिपा निरखून पाहिल्या. "मग हे काय शेजारणीनं शिवलं? गळा तेवढा मोठा कर."

मावशीनं पाठीला गळ्यापासून मधोमध चीर दिली. कडेला उरेब पट्टी, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी, लावली. गळ्याची गोलाई तिच्या बोटांच्या ओळखीचीच होती. शेवटी एक दोऱ्याचा फासा आणि शर्टाचं बटण.

भाचीनं टॉप घातला आणि दोन्ही हात वर केले. कापड तिच्याबरोबर वर गेलं, खाली आलं. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर टेकली होती. मावशीनं तिथं बोट ठेवून पाहिलं. तिच्या कॉलरी खोक्यांतून गेल्या त्या गेल्या. कुणाच्या मानेवर बसल्या, नीट बसल्या की टोचल्या, तिला कधी कळलं नव्हतं.

"टोचतंय का गं कुठं?"

"नाही." आणि पोरगी खाली खेळायला पळालीसुद्धा.

मावशी खिडकीत उभी राहिली. "बघ, पळताना पाठीवर कसं फुगतंय."

"वारा आहे, फुगणारच," बहीण म्हणाली.

"हो, पण मी शिवलंय ते," मावशी हळूच म्हणाली, आणि मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथून हलली नाही.