अमानतीतला ससा

आमच्या सासऱ्यांचा उभ्या जगात एकाच माणसावर विश्वास होता आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. बाकी दूधवाला, डॉक्टर, सख्खा जावई, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारी बाई, सगळे त्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासी. सारी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून केली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी दारात कुणी आलं की नजर आधी त्याच्या हाताकडे जाते. आमच्या केजच्या घरी जेवायला आठ माणसं बसली की ते दारातून डोकी मोजतात, मग मागच्या बाजूला जाऊन उलटी मोजतात, आणि दोन्ही वेळा आठच भरली तरी कुणीतरी नक्की वाकून बसलंय अशा चेहऱ्यानं ताटावर येतात. दूध आलं की वास घेतात, भेंडी आणली की एकेक मोडून बघतात, आणि लग्नपत्रिका आली तर ज्याच्या घरचं लग्न त्यालाच फोन करून विचारतात, "हाय ना खरंच लगीन?"

मी त्यांना मामा म्हणते, सून म्हणून. पण सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते. माझ्या लग्नाच्या वेळी रीतसर बघायला येण्याआधी आठ दिवस हा माणूस एकटाच जीपमध्ये बसून आमच्या नांदूरघाटला आला होता. आमच्याच दारात उभं राहून पाणी मागितलं, मी दिलं, तर तांब्यात दोनदा डोकावून मग प्यायले. लग्नानंतर वर्षानं त्यांनी मला हे सांगितलं. "तुमी पानी दिलं, पर आधी कोन कुठले ते इचारलं न्हाई. म्या म्हनलं, पोरगी भोळी हाय. आपल्या घरात एक तरी भोळं मानूस पायजे." माझं एवढं कौतुक त्यांनी पुन्हा कधी केलेलं नाही.

तर गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारचं जोडपं दरवर्षी ऊसतोडीला जातं. यंदा ट्रक दारात लागला, भांडी, गोधड्या चढल्या, आणि शेजारीण पाटीत एक पांढराशुभ्र ससा घेऊन मामांपुढे उभी राहिली. खोबऱ्या त्याचं नाव. तिनं तो बाजारातून आणून लेकरासारखा वाढवलेला. "मामा, ह्यो तुमच्याकडं अमानत. कारखान्यावर कुत्री लई. पाचटाच्या कोपीत टिकायचा न्हाई ह्यो."

"माज्याकडंच कावून?" मामांना यातही काहीतरी डाव दिसला.

"तुमचा कुनावरच इश्वास न्हाई ना, म्हनून माझा तुमच्यावर हाय," असं म्हणून ती ट्रकमध्ये चढलीसुद्धा. मामा पाटी धरून कितीतरी वेळ तसेच उभे. एवढा मोठा मान त्यांना एसटीनंही दिला नव्हता. घरात येताच त्यांनी सशाची तपासणी केली. डाव्या कानाच्या आतल्या बाजूला मोहरीएवढा काळा ठिपका सापडला, तो आम्हा सगळ्यांना दाखवला आणि बजावलं, "ही खूण. कुनी बदलला तर कळंल." केजमध्ये ससे बदलणारी टोळी फिरते असं मी तरी ऐकलं नव्हतं. मग रोज लसूणघास यायचा, मामा त्याची काडी आधी स्वतः चावून बघायचे आणि नंतर खोबऱ्याला द्यायचे.

आता मामांच्या दुपारच्या झोपेबद्दल सांगायला हवं. घरात मिक्सर आल्यापासून आमचा पाटा मागच्या अंगणात पडून आहे, पण वरवंट्याला मामांनी नोकरी दिली होती. दुपारी आडवं होण्याआधी ते मागचं दार नुसतं लोटायचे आणि त्याला वरवंटा उभा टेकवून ठेवायचे. चोरानं दार ढकललं की वरवंटा पडणार, आवाज होणार, मामा उठणार. कडी का लावत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "कडी लावली तर चोर आलता का न्हाई, ते कसं कळायचं?"

त्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेले होते, सासूबाई बचत गटाच्या बैठकीला. परत आलो तर खोबऱ्या बाजेखाली अंग चोरून बसलेला, मागचा पाय फरफटत होता. वरवंटा आडवा पडला होता. आणि मामा कमरेवर हात ठेवून सांगत होते की कुणीतरी दार ढकलून आत आलं, सशाचा पाय मोडून पळालं, आणि हा पडलेला वरवंटा त्याचा पुरावा. "पुराव्याला कुनी हात लावायचा न्हाई!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दार तर जागचं हललंही नव्हतं. स्वयंपाकघरात त्या हळूच म्हणाल्या, "बोलू नगंस. अमानत हाय, जिवाला लावून घेतील."

मग आमच्या घरात दवाखाना आणि पोलीस चौकी एकदमच सुरू झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काडीचा आधार देऊन पाय बांधला आणि तीन आठवडे उडी मारू देऊ नका म्हणाले. मामा त्यांना म्हणाले, "सायेब, तुमी म्हशीचे. ह्यो केवढासा." डॉक्टर भले माणूस, हसले. आमच्या ह्यांनी भाजीच्या क्रेटला गोणपाट लावून खोली केली, सासूबाई मांडीवर घेऊन कोथिंबीर भरवायच्या, आणि मामा क्रेटशेजारी खुर्ची टाकून गुन्हेगार शोधायचे. पहिला संशय समोरच्या काकूंच्या मांजरीवर. मग खुद्द काकूंवर, कारण "मांजर एकटी कशी दार ढकलंल?" काकूंनी बोलणं टाकलं. नंतर घासवाला, मीटर बघणारा, शेवटी माझे मिस्टर, कारण त्यांनी क्रेट फारच पटकन बनवला. शेजारणीचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. मामा खोबऱ्याला टॉवेलात गुंडाळून फक्त तोंड दाखवायचे. "थंडी हाय," एवढंच सांगायचे. फोन ठेवला की त्यांचा चेहरा उतरलेला असायचा, मला बघवत नसे.

दहाएक दिवसांनी समोरच्या काकूंकडे नातवाचं बारसं निघालं. बारशाला वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, आणि गल्लीत वरवंटा उरलेला फक्त आमच्याकडे. काकू राग गिळून मागायला आल्या. पुरावा द्यायचा की नाही यावर मामांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "न्या. पर आदी खूण करतो." तोच परत येईल कशावरून! त्यांनी खडू आणला, दहा दिवसांत पहिल्यांदाच वरवंटा उचलला, खूण करायला जागा बघत फिरवला आणि थांबले. दगडाच्या खडबडीत अंगाला पांढरे केस चिकटले होते.

खूण न करताच त्यांनी वरवंटा काकूंच्या हातात दिला. मग खडू मुठीत धरून स्वयंपाकघराच्या दारात आले. "सूनबाई, तुमाला ठावं व्हतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो, मामा."

"आन कुनीच बोललं न्हाई?"

सासूबाई पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "तुमी कुनाचं खरं मानलं असतं?"

मामांनी मुठीतला खडू खिशात घातला. दुपारी त्यांनी वाटीभर दूध घेतलं, सवयीनं वास घेतला, आणि काकूंच्या मांजरीपुढे नेऊन ठेवलं. रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी मला फोन लावायला सांगितला. पलीकडे उसाचा फड, ट्रॅक्टरचा आवाज, डोक्याला फडकं बांधलेली शेजारीण. मामांनी टॉवेल काढून बांधलेला पाय दाखवला. "बग बाई. माज्या वरवंट्यानं झालं. अमानतीत खयानत झाली."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन पाय बघितला. मग म्हणाली, "मामा, दुसरं कुनी असतं तर दुसरा ससा आनून ठिवला असता. मला कळलंबी नसतं."

"ह्यो तुझाच हाय," मामा घाईनं म्हणाले आणि खोबऱ्याचा कान उलटा करून फोनपुढे धरला. "ठिपका बग." कान कॅमेऱ्याला इतका चिकटला होता की तिला ठिपका दिसला असेल असं मला वाटत नाही. पण ती म्हणाली, "दिसला, मामा."

उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत आली आणि खोबऱ्याला घेऊन गेली. तो चालतो, पण जरा लंगडतो. मामा अजूनही दुधाचा वास घेतात, भेंडी मोडून बघतात, पाहुणे दोनदा मोजतात, फक्त हल्ली मोजून झालं की मला विचारतात, "आठच ना, सूनबाई?" पूर्वी कधी विचारत नव्हते, आणि त्यांनी विचारलं की मला उगाच वाईट वाटतं.

वरवंटा काकूंनी परत दिला, तो पाट्यावर पडून आहे. परवा दुपारी मामा झोपायला निघाले तेव्हा मागचं दार वीतभर उघडं होतं. मी लोटायला गेले, तर बाजेवरून आवाज आला, "राहू द्या. त्याला ढकलता येत न्हाई."

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठले. शेजारून खोबऱ्या आला होता आणि बाजेखाली बसला होता. मामा गाढ झोपलेले, एक हात खाली सोडलेला, आणि बोटांत सशाचा डावा कान.